संपर्क झाला नाही

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. नाव पडलं होतं चिडवण्यासाठी, पण युद्ध सुरू झालं आणि त्यात कौतुक मिसळलं. वर्तमानपत्राच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी जुन्या अंकांचे गठ्ठे धूळ खात पडायचे, त्या खोलीत चार टेबलं टाकून पडताळणी विभाग सुरू झाला होता. लोकांच्या मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ, फोटो, कुणाकुणाचे आवाज तपासायचे आणि खोटं निघेल त्यावर लाल अक्षरांत 'खोटे' असा शिक्का मारून ते परत लोकांत सोडायचं, एवढंच तिथलं काम. एवढंच म्हणायचं, पण त्यात डोळ्यांची पार वाट लागायची.

पहिल्याच महिन्यात एका डॉक्टरचा व्हिडिओ आला होता. पांढरा कोट, गंभीर चेहरा, आणि म्हणे शत्रूने शहराच्या पाण्यात विष कालवलंय. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाटलीबंद पाण्यासाठी दुकानांसमोर अशी झुंबड उडाली की अकरा जणांची हाडं मोडली. चाळणीने तो व्हिडिओ शंभरदा पुढेमागे करून पाहिला आणि दाखवून दिलं, की डॉक्टर मान वळवतो तेव्हा कोटाची कॉलर गळ्यात विरघळते. असा डॉक्टर जगात कुठेच नव्हता. तो यंत्राने बनवला होता. चार तासांत गर्दी ओसरली. तेव्हापासून तिच्या शिक्क्याला वजन आलं. दुकानदार शिक्का मारलेली चित्रं छापून काचेवर लावायला लागले. काही नवीन आलं, की लोक आधी विचारायचे, "शिक्का आला का?"

शिक्का उगाच मारायचा नाही म्हणून तिनेच एक फॉर्म तयार केला होता. त्यात चार रकाने. व्हिडिओ आधी कुठे दिसला, चित्रात काय खटकतं, जागा आणि वेळ जुळते का, आणि शेवटचा, प्रत्यक्ष संपर्क. ज्याच्याबद्दल व्हिडिओ आहे त्या माणसाशी किंवा कचेरीशी बोलल्याशिवाय शिक्का नाही. नियम तिचा, अक्षर तिचं.

तो व्हिडिओ आला मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास. निळ्या गणवेशातला पन्नाशीचा माणूस, मागे पाण्याचे पंप. तो म्हणत होता, "मी पूर्वेच्या टाकीवरचा पंपवाला. पहाटे गोळा पडला त्यात सांडपाण्याची मोठी नळी फुटलीय, ते पाणी टाकीत शिरतंय. साहेब गावाबाहेर आहेत, त्यांचा फोन लागत नाही, म्हणून मीच सांगतो. मेन व्हॉल्व्ह बंद केलाय. पण नळ्यांत उरलेलं पाणी पिऊ नका. प्यायचंच झालं तर उकळून प्या. शंका असेल तर पंपघराचा फोन चालू आहे." पुढे त्याने नंबर सांगितला. 'पिऊ नका' म्हणताना त्याने पंजा वर केला होता.

चाळणीने तिथे चित्र थांबवलं आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"सापडला!" ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला खुर्चीसकट सरकत आला. "अरे वा, एक बोट फुकट! यांना अजून हात जमेनात बघ."

आवाजही ओठांच्या किंचित मागे पडत होता. पुन्हा पाणी, पुन्हा तीच युक्ती. तिने तीन रकाने भराभर भरले आणि चौथ्यापाशी आली. फोन हाताशी होता. नंबर तर त्या माणसानेच दिला होता. तिने रिसीव्हरला हातही लावला नाही. तिला खात्री होती. चौथ्या रकान्यात तिने लिहिलं, 'प्रयत्न केला. संपर्क झाला नाही.' शिक्का मारला. मग चहा मागवला आणि तो गरम असतानाच पिऊनही टाकला, जे त्या खोलीत क्वचितच घडे.

गुरुवारपासून रुग्णालयं भरायला लागली. पूर्वेच्या गल्ल्यांमधून माणसं येत होती, उलट्या-जुलाबांनी गळून गेलेली. शुक्रवारी आकडा दोनशे चौदा झाला आणि दोघं गेले: एक निवृत्त बस कंडक्टर आणि एक शिवणकाम करणाऱ्या काकू. आरोग्य खात्याने टाकीचं पाणी तपासलं. सांडपाणी मिसळलं होतं, अगदी पंपवाल्याने सांगितलं तसंच.

बाकीचं चाळणीला ऑफिसातल्या बातमीदाराने सांगितलं. पंपवाल्याने व्हॉल्व्ह खरोखरच बंद केला होता. पण गावाबाहेर गेलेल्या पाणीखात्याच्या साहेबाने मोबाइलवर शिक्का पाहिला आणि फोन लागल्यावर हुकूम सोडला, की ही अफवा आहे, व्हॉल्व्ह उघडा. पोलीस पंपघरात गेले, व्हॉल्व्ह उघडून घेतला आणि पंपवाल्याला युद्धकाळातल्या अफवाबंदी कायद्याखाली उचललं. त्याने फौजदारापुढे हात धरला. म्हणाला, बोटं मोजा, जन्मापासून सहाच आहेत. फौजदाराने मोजली, हसला, आणि तरीही त्याला आत टाकलं. कारण पेपरात 'खोटे' म्हटलं होतं. नेमकं काय खोटं, चित्र की बातमी, हे शिक्क्यावर कुठे लिहिलेलं असतं?

संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तिचा फॉर्म त्यांच्यासमोरच होता.

"बसा," ते म्हणाले. "चेहरा पाडू नका. हे बघा, चौथा रकाना. प्रयत्न केला, संपर्क झाला नाही. लिहून ठेवलंत ते बरं केलंत, नाहीतर आपली धडगत नव्हती." आणि त्यांनी लगेच मोठ्याने बोलत खुलासा लिहायला सुरुवात केली. गोळीबारात दूरध्वनी यंत्रणा कोलमडल्यामुळे आमच्या प्रतिनिधीचा संपर्क होऊ शकला नाही, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "किती वेळा केला होतात फोन? 'वारंवार' लिहू का?"

तिने तोंड उघडलं. 'केलाच नाही' म्हणायचं होतं.

"नको," ती म्हणाली. "'वारंवार' नको."

खुलासा शनिवारी पहिल्या पानावर आला. घरी तिचे वडील पेपर मोठ्याने वाचत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते, ओळीवर बोट ठेवून वाचायची सवय सुटली नव्हती. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "तू फोन केला होतास ना, मग झालं तर. लागला नाही, त्याला तू काय करणार? जेव."

ती "हं" म्हणाली. बाबांनी तिच्या ताटात न विचारता आणखी वाढलं, आणि तिला वाटलं, त्यांनी एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

रविवारी पंपवाला सुटल्याचं कळलं. बातमीदाराकडून पत्ता घेऊन ती दुपारी त्याच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं. चाळणीने आपण कोण ते सांगितल्यावर ती दारातून हलली नाही.

"आता काय राहिलंय चाळायचं?" ती म्हणाली.

"येऊ दे त्यांना," आतून आवाज आला.

पंपवाला खिडकीजवळ बसला होता. पाच दिवसांची दाढी. त्याने समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. ती बसली. मग तोच म्हणाला, "फोन बंद होता असं छापलंय तुम्ही."

"हो."

"बंद नव्हता. व्हिडिओ पाठवला साडेदहाला, पोलीस आले चारला. तोवर मी फोनपाशी बसून होतो. लघवीलासुद्धा उठलो नाही, म्हटलं तेवढ्यात वाजायचा. सात फोन आले. सातही शिव्या द्यायला. आठवा तुमचा असता, तर मी आवाजावरून ओळखलं असतं की कुणीतरी विचारतंय."

"भाऊ, मी फोन केलाच नाही."

"म्हणजे?"

"केला म्हणून लिहिलं. केला नव्हता. रिसीव्हर उचललासुद्धा नाही."

त्याची बायको भांडी विसळत होती, ती थांबली. नळाखालची बादली भरून वाहायला लागली तरी कुणी उठलं नाही.

"का?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

येताना तिने उत्तरं जुळवून आणली होती. कामाचा डोंगर, रांगेत थांबलेले सात व्हिडिओ, आधीचं ते विषाचं प्रकरण. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही नाहीच आहात," ती म्हणाली. "असा माणूसच नाही. बनवलेला आहे. नसलेल्या माणसाला फोन काय करायचा?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसल्यासारखा आवाज काढून बायकोला म्हणाला, "ऐकलंस? मी नाहीच म्हणे. एकवीस वर्षं या शहराला पाणी सोडतोय."

"मी माफी मागायला…"

"माफी-बिफी राहू द्या. त्याने कुणाचं पोट थांबतंय? लोक अजून न उकळता पितायत. सरकारी माणूस भोंगा घेऊन सांगून जातो आणि लोक त्याला तुमचा शिक्का दाखवतात. पेपरवाल्यांनी केव्हाच सांगितलंय, पाण्याचं सगळं खोटं आहे म्हणे. पुसता येतो का तो?"

"आमच्याकडचा पुसलाय. लोकांच्या मोबाइलमधला नाही पुसता येत."

"मग तुम्ही या. उद्या सकाळी सातला टँकर निघतो."

ती गेली. चार दिवस गेली. टँकरच्या पुढे पंपवाला आणि ती, तिच्या हातात बॅटरीवरचा भोंगा. पहिल्या गल्लीत तिचा आवाज फुटेना. पंपवाला म्हणाला, "लिहिताना कसं ठणठणीत लिहिता! तसं बोला."

"मी पेपरातून आलेय," ती बोलू लागली. "पाण्याच्या व्हिडिओवर 'खोटे' असा शिक्का मारलाय तो मी मारलाय. तो शिक्का चुकीचा आहे. हे पंपवाले खरं बोलत होते. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका."

माणसं दारात यायची, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. कुणी घरात जाऊन मोबाइल आणायचं आणि तिचाच शिक्का तिच्या नाकासमोर धरायचं. एका म्हाताऱ्याने काठी टेकत येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "आधी म्हणालात, हा माणूस खोटा. आता म्हणता, शिक्का खोटा. उद्या याल आणि म्हणाल, काल आलेली बाई खोटी. बाई, एकदा काय ते ठरवून या की!"

लोक हसले. पंपवालाही हसला.

"आजोबा, माझ्यावर विश्वास ठेवूच नका," ती म्हणाली. "पाणी तेवढं उकळा."

"गॅस कुठाय उकळायला?" मागून एका बाईने विचारलं. पंपवाल्याने टँकरवरून क्लोरीनच्या गोळ्यांचं खोकं उतरवलं आणि एका बादलीला किती ते समजावून सांगायला बसला. आठवड्याभरात नवे रुग्ण कमी झाले. गोळ्यांमुळे झाले की तिच्या भोंग्यामुळे, कोण जाणे. तिने ते श्रेय कधी घेतलं नाही.

पण खुलाशातलं ते वाक्य तसंच छापलेलं होतं. तिने एका संध्याकाळी कबुली लिहून काढली, पाऊण पान, आणि बाबांच्या हातात दिली. बाबा पेन्सिल घेऊनच वाचायला बसले. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. दुसऱ्या परिच्छेदापाशी त्यांचं बोट थांबलं. ते परत मागे गेले, पुन्हा त्याच ओळीवर आले.

"फोन केला नव्हतास," ते म्हणाले.

"नाही."

"मला 'हं' म्हणालीस."

बाबांनी चष्मा पुसला, परत लावला, शेवटपर्यंत वाचलं आणि एका शब्दाभोवती गोल केला. "'घाईत' लिहिलंयस. तो शब्द काढ."

"पण बाबा, त्या दिवशी खरंच…"

"तू घाईत नव्हतीस. तुला खात्री होती. घाई म्हटलं की लोकांना तुझी दया येईल." कागद तिच्याकडे सरकवून ते उठले. पुढचे दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले.

संपादकांनी कबुली दोनदा वाचली.

"तुम्हाला मोकळं वाटेल, ते मला समजतं," ते म्हणाले. "पण हे छापलं की शत्रूच्या हातात कोलीत. उद्या आपण खरं म्हणू त्याच्यावरसुद्धा ते हेच फेकून मारतील. मग मरणारे वेगळे असतील, एवढाच फरक. त्याचा विचार केलाय?"

"केलाय."

"आणि?"

"सर, नोकरी सोडा म्हणालात तर सोडते. पण ते वाक्य माझ्या नावावर आहे आणि ते खोटं आहे. आपल्या खोलीतून तेवढं एकच खोटं शिक्क्याशिवाय गेलंय."

संपादकांनी एक दिवस घेतला आणि छापलं, पहिल्या पानावर, जसंच्या तसं. तिला कामावरही ठेवलं. फक्त शिक्का चष्मेवाल्याकडे गेला.

आणि ते म्हणाले होते तसंच झालं. अर्ध्या दिवसात तिची कबुली तिच्या फोटोसकट पलीकडच्या बाजूच्या प्रत्येक वाहिनीवर होती. खालची ओळ अशी, की पडताळणी करणारेच खोटारडे. पुढच्या आठवड्यात बाजारावर बॉम्ब पडला. एकोणीस माणसं गेली. पडताळणी विभागाने व्हिडिओ तपासले, नातेवाइकांशी, डॉक्टरांशी, अग्निशमनवाल्यांशी बोलून घेतलं, सगळं खरं होतं. पलीकडून उत्तर म्हणून फक्त तिच्या कबुलीचा तुकडा आला. तो एवढा फिरला की शहरातही कुजबुज सुरू झाली, बाजारात खरंच कुणी मेलं का?

एका बाईचा ऑफिसात फोन आला. चाळणीने घेतला.

"त्या कबुलीवाल्या बाईंना द्या."

"मीच बोलतेय."

"माझा नवरा बाजारात गेला तो गेलाच. आणि मला लोक मोबाइलवर विचारतायत, तुमचा नवरा खरा होता का. काय सांगू मी त्यांना?"

चाळणी ऐकत राहिली. त्या बाईला उत्तर नको होतं, तिला कुणाला तरी हे ऐकवायचं होतं, आणि ज्या व्यक्तीला ऐकवायचं तीच नेमकी फोनवर मिळाली होती. वीस मिनिटांनी पलीकडून फोन ठेवला गेला. संपादक दारात उभे होते. 'मी सांगितलं होतं' असं त्यांनी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. कबुली दिली हे चुकलं की कबुली देण्यासारखं करून ठेवलं हे चुकलं, हे ती स्वतःला विचारत राहिली. उत्तर तिला माहीत होतं, आणि त्याने काहीच हलकं होत नव्हतं.

गेलेल्या दोघांपैकी एकाचं घर राहिलं होतं. कंडक्टरच्या मुलीने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. शिवणवाल्या काकूंच्या घरी जायचं ती टाळत आली होती. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ती गेली.

काकूंच्या नवऱ्याने दार उघडलं आणि तिच्या तोंडाकडे न बघताच विचारलं, "काय टाकलं होतं शिवायला?"

"मी कपड्यांसाठी नाही आले, काका. मी…"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "हां. भोंगा घेऊन आला होतात त्या."

"हो."

"पेपरात पण वाचलं." ते आत वळले, दार उघडंच ठेवून. ती मागोमाग गेली. खोलीत शिलाई मशीन होतं, त्यावर चादर टाकलेली, आणि जमिनीवर कपड्यांचा मोठा ढीग: पडदे, फ्रॉक, अर्धे जोडलेले शर्ट, शाळेचे गणवेश.

"तुम्हाला एक सांगतो," ते ढिगाशेजारी बसत म्हणाले. "तिने पाणी उकळायला ठेवलं होतं. तो व्हिडिओ तिने आधी पाहिला होता, तिला त्या माणसाचं पटलं होतं. मग कुणीतरी तुमचा शिक्का पाठवला. मीच वाचून दाखवला तिला. म्हटलं, बंद कर, गॅस कशाला जाळतेस फुकट. तिने बंद केला."

चाळणीही खाली बसली.

"काका, ते तुमच्यामुळे नाही झालं."

"मला माहितीय कुणामुळे झालं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, पण दिलासाही नव्हता. "तरी वाचून मीच दाखवला ना."

बाहेर कुणीतरी हाक मारली, गणवेश तयार आहेत का म्हणून. काकांनी दाराकडे बघून हताशपणे हात हलवला. "रोज येतात. कुणाचं काय, मला काही कळत नाही. ती खडूने खुणा करायची, त्या तिच्या तिलाच ठाऊक."

चाळणीने एक शर्ट उचलला. आत कॉलरपाशी खडूची फिकट खूण होती, एक गोल आणि दोन रेघा. तशीच खूण आणखी एका शर्टाच्या बाहीवर होती. तिने दोन्ही शेजारी ठेवले.

"हे एकाच घरातले असतील," ती म्हणाली.

काका खाली वाकून बघायला लागले. "थांबा, चष्मा आणतो," ते म्हणाले आणि उठले. दारातल्या माणसाला त्यांनी सांगितलं, तासाभराने या.